चिकूचा पट्टा

पहिल्याच दिवशी शाल्मलीने गिनीपिगला उचललं, तर त्याच्या गळ्यातला पट्टा म्हणाला, "भीती वाटते." तिने चिकूला घाईने खाली ठेवलं, ते कायमचंच. प्राण्यांची निगा शिकवायला शाळेने हे बोलके पट्टे दिले होते आणि ज्याचा प्राणी आठवडाभर गप्प राहील त्याला बाई स्टार देत. शाल्मली वेळेवर गवत घालायची, पाणी बदलायची आणि लांब जाऊन बसायची. पोरगी शहाणी झाली म्हणून तिची आई वृंदाही खूश होती.

"आई, आता तो कसलीच तक्रार करत नाही," शाल्मली आज सांगत आली.

वृंदाने वाकून पाहिलं. गवत तसंच पडलं होतं. चिकूला उचललं तर हाताला नुसती हाडं लागली, तरी पट्टा गप्पच. पट्ट्याला भीती, भूक आणि तहान एवढंच कळायचं, आणि चिकूत आता त्यातलं काहीच उरलं नव्हतं. एकटं वाटणं कुणी पट्ट्यात घातलंच नव्हतं.

"मांडीवर घे गं त्याला," वृंदा म्हणाली. "आता फार वेळ नाही राहिला."

शाल्मलीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आधी त्याला म्हणू दे ना, घे म्हणून."