चोवीसपैकी चोवीस

“सरजाबाई, बाकी सगळं जमलं. तुमच्या एका घराचंच गणित बसत नाही बघा,” वीरभद्र सर वहीतून मान वर करून म्हणाले.

सर निलंग्याच्या हायस्कुलातले. एम.एड.च्या अभ्यासासाठी प्रश्नावली घेऊन वस्तीवर आले होते. घरोघरी जाऊन एकेकीला एकटीला विचारायचं, असं ते ठरवून आले होते खरे, पण वस्तीवर एकीला विचारलेल्या प्रश्नाला दहाजणी उत्तर देतात. त्यात बाजारचा दिवस, शाळेला सुट्टी आणि रोजगार हमीवरचं खडीचं काम बंद. सगळ्या बाया लिंबाखाली बसल्या आणि एकमेकींचं ऐकून सांगत गेल्या. मळेवाल्याच्या विहिरीवरून पाणी आणायला किती वेळ लागतो? एक म्हणाली तीन तास, दुसरी म्हणाली साडेतीन. सरजाबाईची पाळी आली तेव्हा तिनंही तीनच सांगितले. चारचौघींसारखं बोललं की माणूस चारचौघींत लपून जातो, असं तिला वाटलं होतं.

सरांनी पोरांची हजेरी शाळेतून आधीच उतरवून आणली आहे, हे तिला काय ठाऊक!

“एका रकान्यात पाणी, दुसऱ्यात हजेरी,” सर समजावून सांगत होते. “एक वाढलं की दुसरं घटतं का, एवढंच मला पाहायचंय.”

“पाणी लांब गेलं की पोरगी शाळंतनं जाती,” शेजारची कोंडाबाई म्हणाली. “हे सांगाया शिकलेला माणूस कशाला लागतो?”

बाया हसल्या. सरही हसले. माणूस भला होता, आणि तीच तर पंचाईत होती. भल्या माणसाला तोडून बोलता येत नाही.

“बरोबर आहे तुमचं. ज्यांच्याकडे गाडीबैल आहेत त्यांना दीड तास लागतो, त्यांच्या पोरी अठरा-अठरा दिवस शाळेत. तीन तासवाल्यांच्या पाच-सहा दिवस. आणि ही तुमची पंचफुला? पाणी तीन तासांचं, आणि हजेरी चोवीसपैकी चोवीस! कसं काय जमवता हो तुम्ही?”

हसणं थांबलं. सगळ्या माना सरजाबाईकडे वळल्या.

ओढ्याच्या वळणावर, करंजाच्या मुळाशी तिनं झिरा उकरला होता. वाळूत हातभर खड्डा, वर दगड, दगडावर काटेरी बोराटी. रोज पहाटे दोन घागरी निघत आणि तळ लागे. मग दिवसभर थेंब थेंब साचत राही. दोन घागरी म्हणजे एका घराचा जीव. तेवीस घरांना कळलं असतं, तर संध्याकाळपर्यंत ओली वाळूसुद्धा उरली नसती. लातूर नवा जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, पण या वस्तीचा टँकर अजून जुन्या जिल्ह्यात, उस्मानाबादेतच वाट विचारत फिरत असावा.

“पाणी मी आणते,” सरजाबाई कशीबशी म्हणाली.

“तू?” कोंडाबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. “तू तर रोज माझ्यासंग खडी फोडतीस. आन् त्यो मळेवाला उजाडल्याबिगर हिरीवर घागर टेकू देत न्हाई.”

सरजाबाई पदराचं टोक पिळू लागली.

तिची दया येऊन सरांनीच वाट काढून दिली. “मग हजेरीच खोटी असेल. मास्तर लोक कधीकधी भरून टाकतात. चालायचंच.”

बुडत्याला काडीचा आधार. “हाव,” ती घाईघाईनं म्हणाली. “खोटीच हाय. मास्तर मांडतेत आपलं. पोरगी कुठं जाती शाळंत?”

“आई!” समोर घराच्या दारात उभी असलेली पंचफुला ओरडली. सरजाबाईनं डोळे वटारले तशी पोर आत पळाली. ज्या मास्तरांनी तिला पदरची पुस्तकं दिली, त्यांच्या पोटावर आपण पाय देत आहोत, हे सरजाबाईला कळत होतं. लाज वाटत होती. पण भीती लाजेहून थोरली निघाली.

सरांनी चोवीसवर काट मारली. “किती दिवस लिहू मग?”

“लिवा पाच.”

सरांनी पाच लिहिले, दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत नजरेखालून घातले आणि समाधानानं वही मिटली. “आता कसा मेळ बसला!”

ते गेले. बायाही पांगल्या. कोंडाबाई तेवढी सरजाबाईच्या मागोमाग दारापर्यंत आली.

“सरजे, घोटभर पाणी दे गं.”

दुष्काळ असला तरी दारात मागितलेल्या पाण्याला नाही म्हणायची रीत नव्हती. सरजाबाईनं तांब्या भरून दिला. कोंडाबाईनं वरून धार धरून पाणी प्यायलं आणि तळाशी राहिलेलं तळहातावर ओतून घेतलं. त्यात वाळूचे चार बारीक कण होते. मळेवाल्याची विहीर काळ्या पाषाणात फोडलेली. तिच्या पाण्यात वाळू येणार कुठून?

“कोंडाक्का, पाया पडते तुमच्या…” सरजाबाईनं हात जोडले.

कोंडाबाईनं आत एकदा पाहिलं. पंचफुला भिंतीकडं तोंड करून रडत होती. कोंडाबाईनं तळहात लुगड्याला पुसला आणि ती हलक्या आवाजात म्हणाली,

“माझी पोरगी बी पाचच दिस गेली गं शाळंत. पहाटं किती वाजता निघायचं?”