कोरी फाइल

"उयामायोच्या टेकडीवरून महिनाभरात तक्रार एकही नाही. तक्रार नाही, तर टँकरही नाही," कामार्गो साहेब म्हणाले आणि टँकर बंद करण्याच्या हुकमावर सही करायला त्यांनी पेन उघडलं.

नेल्वा सर्व्हरसमोर उकिडवी बसली होती. महिन्यापूर्वी कार्निव्हलच्या शुक्रवारी पाणीकचेरीत चाल्याचा, म्हणजे धरतीमातेला नैवेद्य देण्याचा, विधी झाला, तेव्हा साहेबांनी त्या यंत्राला कागदी माळा घातल्या आणि धरतीमातेच्या नावानं बीअर ओतली. माळा अजून लोंबत होत्या. फरशी अजून चिकट होती.

"विधीला सगळं कोरं हवं म्हणून तक्रारींची जुनी फाइल काढून तुम्हीच नवी केलीत ना?" तिनं विचारलं.

"स्वतःच्या हातानं. तेव्हापासून बघ, एक अक्षर आलेलं नाही. आणि तू हसत होतीस!"

"फाइल तुमच्या नावावर आहे, साहेब. मेल पोचवणाऱ्या प्रोग्रामला तिच्यात लिहायची परवानगीच नाही. तक्रारीच्या पत्त्यावर येणारी प्रत्येक मेल दारातूनच परत जातेय."

"जाऊ दे की! त्या टेकडीवरच्यांना रडायची खोडच आहे. पाणी दिलं तरी रडतात."

खिडकीबाहेर टेकडीवरची साबिनाबाई उभी होती. परत आलेली मेल ती सकाळपासून पहारेकऱ्याला फोनवर दाखवत होती, आणि पहारेकरी तिला म्हणत होता, "तक्रार तोंडी चालत नाही, मेल करा."

नेल्वानं मान वर न करता फाइल प्रोग्रामच्या नावावर केली.

"मावशी, आता पाठवा. शेजारणींनाही सांगा."

पडद्यावर तक्रारींच्या जागी शून्य होतं. ते हललं. मग वाढतच गेलं.

"बंद कर ते!" साहेब ओरडले.

"कसं करू? नियम तुमचाच आहे. करा की सही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

साबिनाबाईनं खिडकीतून आत डोकावून माळा पाहिल्या, मग फरशीवरचा डाग.

"यंत्राला पाजलीत?"

"धरतीमातेला," साहेब गुरगुरले.

"किती?"

"पेटीभर."

"आमच्या घरात एवढ्या पाण्यात दोन दिवस निघतात," बाई म्हणाली आणि फोनवर पुन्हा लिहायला लागली.