सोबतच्या माणसाचं बीपी

दवाखान्याचं नाव काढलं की टेलरमास्तरांच्या कपाळाला आठ्या. पण बायकोच्या केमोला दर मंगळवारी ते सोबत जायचे, आणि वॉर्डातल्या सिस्टर आधी त्यांच्याच दंडाला पट्टा गुंडाळायच्या.

"अहो, आजारी ती आहे!" मास्तर कुरकुरायचे.

"नियम आहे. सोबतच्या माणसाचंही बीपी बघायचं."

बायको चेहऱ्यावरची रेषही न हलवता मासिक चाळत असायची.

ती गेल्यावर चार महिन्यांनी मास्तर तिच्या उरलेल्या गोळ्या परत करायला वॉर्डात आले. गावाला मापात कपडे शिवून देणाऱ्या माणसाचा स्वतःचा शर्ट अंगावर लोंबत होता. टेबलाशी नवीनच सिस्टर होती. तिने गोळ्या घेतल्या, तरी मास्तर हलेनात. मग सवयीने त्यांनी बाही वर सरकवली.

"बीपी? तुमचं? असा काही नियम नाही हो, काका."

एवढ्यात जुन्या सिस्टर आतून पट्टा घेऊनच आल्या. "तिला काय ठाऊक! नियम तुमच्या मिसेसचा होता. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, 'एरवी हे दवाखान्याची पायरी चढायचे नाहीत. काहीतरी नियम सांगा आणि तपासा.'"

मास्तर खुर्चीत बसले. वर सरकवलेल्या बाहीकडे बघत म्हणाले, "पण आता मी कुणाच्या सोबत आलोय?"

"नियम कधी बंद करायचा, ते काही त्या बोलल्या नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "हात पुढे करा."