चंद्राची माती

एक्क्याण्णव साली चिखलोलीच्या खडी क्रशरवर मुंबईहून एक शास्त्रज्ञ आला. इथल्या काळ्या दगडापासून त्याला प्रयोगासाठी चंद्रावरच्यासारखी माती बनवायची होती. दगडाची भुकटी चाळायला मुकादमानं जनाबाईला बसवलं. साहेबानं तिला नाकातोंडावर बांधायला मास्क दिला, तसे तिचे डोळे भरून आले. तिचा नवरा याच धुळीनं खोकून खोकून गेला होता. "सायब, आमच्या छातीची काळजी करनारे तुमी पयलेच." साहेब ओशाळला. "तसं नाही बाई. चंद्रावर ओल नसते. तुमच्या श्वासाची ओल मातीला लागू नये म्हणून दिला." जनाबाईनं मास्क काढून फेकला आणि कळशीतलं सगळं पाणी आठ दिवस दळून ठेवलेल्या भुकटीवर ओतलं. "मातीला जपता, आनि मानूस मेला तरी चालतो?" दुसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्या बायांसाठी मास्क आणले. जनाबाईला मात्र मुकादमानं फाटकातूनच परत पाठवलं.