पिठाचा क्रूस

नऊ मेणबत्त्या, एक फोटो, पाण्याचा ग्लास, लाटणं आणि बशीत साखरेच्या पापुद्र्याचे तीन गोड पाव. टेबलासमोर जमिनीवर पिठाचा क्रूस. डोकं, दोन हात, पाय आणि मधलं काळीज, असे त्याचे पाच भाग. ग्रिसेल्दाने सगळं दोनदा मोजलं. मोजत असलं की भावाकडे बघावं लागत नाही.

"खिडकी जरा उघडू?" तिने विचारलं. "कोंदटलंय."

"हात लावू नकोस," रोहेलिओ म्हणाला. "पीठ उडेल. आठ दिवस जपलाय आम्ही. तू नव्हतीस, तुला काय कळणार!"

दाराच्या फटीतही त्याने टॉवेल कोंबला होता.

ग्रिसेल्दाच्या वडिलांना, आदराने सगळे डॉन एवारिस्तो म्हणत त्यांना, पुरून आज नववा दिवस. रीत अशी, की जपमाळ संपल्यावर घरच्या पाच जणांनी क्रूसाचा एकेक भाग उचलायचा, म्हणजे गेलेला माणूस मोकळा होतो. दुसऱ्यांच्या घरी हा क्रूस चुन्याचा असतो. बेकरीवाल्याचा पिठाचा. कोणी काय उचलायचं ते विधवेने ठरवायचं. आईने, ओफेलियाने, चौघांना भाग वाटले होते. काळीज कोणाचं, ते तिने अजून सांगितलं नव्हतं.

भट्टीमागच्या त्या छोट्या खोलीत माणसं दाटीवाटीने बसली होती. आठ दिवस थंड पडलेली भट्टी रोहेलिओने आज पहाटे पेटवली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात पप्पांचा पाव पडायला हवा, असा त्याचा हट्ट.

"माझ्या बहिणीला मागणी घालायला आला," चायोमावशी सांगत होती, "तेव्हा अंगठी नाही, काही नाही. पावांची टोपली घेऊन! आमच्या वडिलांनी टोपली ठेवून घेतली आणि याला हाकललं."

"दुसऱ्या दिवशी परत आला," ओफेलिया म्हणाली. "टोपली मागायला."

सगळे हसले. सतराव्या वर्षी शिकागोत उतरलेला हा मुलगा दुसऱ्याच्या बेकरीत तवे घासत होता. मोडीत निघालेली भट्टी त्याने विकत घेतली, स्वतः दुरुस्त केली आणि तिच्यावर दोन मुलं शिकवली. रविवारी मात्र भट्टी बंद. त्या दिवशी तो फक्त बायकोचा आणि मुलांचा.

मावशीने फोटो उचलला. नव्या पाटीखाली डॉन एवारिस्तो उभा होता आणि रडत होता. छपरावर हातभर उंचीची लाल अक्षरं: एवारिस्तो आणि मुलं. ऑक्टोबरमध्ये, नोकरीसाठी मिनेसोटाला जाण्याआधी, ग्रिसेल्दाने पप्पांना दिलेली भेट.

"काय झोकदार पाटी गं!"

"झोकदार दिसणारच," रोहेलिओ म्हणाला. "अक्षरांच्या मधोमध तो काळा पाइप यायचा. बाईसाहेबांचं फर्मान निघालं, काप तो, फोटो घाण येतो. कापला, वर पत्रा ठोकला. हुकूम हिचा, घाम माझा! पाटी लावली आणि तीन दिवसांत ही पसार."

"दादा, आज नको."

"मग कधी? तू गेलीस आणि म्हातारा खचला. डोकं धरून बसायचा. पाव मोजताना चुकायचा. याच खुर्चीत दुपारचा टेकला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाला हृदय. हृदयच ते! कुणी मोडलं, ते त्याने लिहिलं नाही एवढंच."

ग्रिसेल्दाने आईकडे पाहिलं. ओफेलिया जपमाळेचे मणी चाचपत होती.

"रविवारी बरा असायचा," ती हळूच म्हणाली. "रविवारी माझ्याबरोबर नाचायचासुद्धा. तुझा फोन यायचा ना त्या दिवशी."

हे भावाच्या टोमण्यापेक्षा खोल गेलं. आठवड्यातून एक फोन. तेवढ्यावर माणूस जगत होता आणि आपण तेवढाच करत होतो.

"जाताना समाधानी होता गं," मावशी म्हणाली. "पेटीत गाल कसे गुलाबी होते! नवरदेवासारखे." मग तिने कपाळ दाबलं. "रडून रडून डोकं फुटायला आलंय. उलटी होईलसं वाटतंय."

"माझंही डोकं धरलंय," कोणीतरी म्हणालं.

"गोळ्या आहेत माझ्या बॅगेत," ग्रिसेल्दा म्हणाली. "गाडीतून आणते."

ती उठली तेव्हा पाय जड वाटले. ओफेलियाने तिचा हात धरला.

"लवकर ये, पोरी. काळीज तू उचलायचंस. त्याला तसंच आवडलं असतं."

ग्रिसेल्दा टॉवेल सरकवून बाहेर पडली आणि गाडीशी उभी राहून पोटभर रडली. बर्फ पडत होता. थंड हवेत तिची डोकेदुखी हळूहळू उतरली. नऊ दिवसांत पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

बॅग कामावरची होती. लोकांच्या तळघरांतल्या हवेत बिनवासाचा विषारी वायू आहे का ते तपासणं ही तिची नोकरी, आणि आज ती कामावरूनच निघाली होती. बॅगेच्या पट्ट्याला लावलेलं यंत्र बंद करायचंही राहिलं होतं.

खोलीचं दार उघडताच ते किंचाळायला लागलं.

तिने आकडा पाहिला. बॅग टाकली. लाटणं उचलून खिडकीची काच फोडली.

"बाहेर! सगळे बाहेर! आईला उचल, दादा!"

"क्रूस! अगं वेडे, क्रूस!"

वारा आत घुसला. पीठ उठलं आणि सगळ्यांच्या काळ्या कपड्यांवर बसलं. रोहेलिओने आईला उचललं. मावशी धडपडत बर्फात जाऊन ओकली. ग्रिसेल्दाने एकेकाला ढकलत बाहेर काढलं, डोकी मोजली, मग श्वास रोखून एकटीच आत शिरली आणि भट्टीचा गॅस बंद केला.

भट्टीतून निघालेला काळा पाइप छतात शिरत होता, वर, पाटीमागे पत्रा ठोकून बंद केलेल्या तोंडाकडे. जोडाजवळ त्याला बोटभर फट होती. ती पप्पांच्या स्टुलावर चढली आणि यंत्र त्या फटीशी धरलं.

कार्बन मोनॉक्साइड, दहा लाख भागांत नऊशे चाळीस.