दुपारचा रंग

"हीच! हीच द्या मला," क्षितिजनं डब्यावर बोट टेकवलं. "काय गोरीपान आहे हो!"

ऋतानं हसू आतल्या आत दाबलं आणि डबा रॅकवरून खाली काढला. आतली क्रेस्टेड गेको, म्हणजे हौसेनं पाळायची परदेशी पाल, प्लास्टिकच्या भिंतीला चिकटून गाढ झोपली होती. डोळ्यांवर पापण्यांसारखी झालर आणि अंग सायीच्या रंगाचं. दुपारचे दोन वाजले होते. दुपारी दोनला मातकट गेकोसुद्धा सायीच्या रंगाची दिसते. झोपली की या प्राण्याचा रंग उतरतो. अंधार पडला, जाग आली, की चढतो. खरं रंगरूप, धंद्याच्या भाषेत मॉर्फ, तेव्हा कळतं. ही बया संध्याकाळी ओल्या चिखलासारखी व्हायची. अंगावर ना रेघ, ना ठिपका.

म्हणून तर ऋताचा नियम होता. संध्याकाळचा फोटो दाखवल्याशिवाय प्राणी द्यायचा नाही, मग गिऱ्हाईक कोणी का असेना. प्रत्येक डब्याच्या बुडाशी ती आपली नोंद चिकटवायची, मराठीत, फक्त स्वतःसाठी. कलकत्त्यातल्या बंगाली गिऱ्हाइकांना ती वाचताच यायची नाही. त्यांना फोटो पुरे असायचा. ऋताला सगळे 'गेकोदी', म्हणजे गेकोवाली ताई, म्हणायचे आणि तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. पाच वर्षांत ऋतानं हा नियम एकदाही मोडला नव्हता.

आज तिनं मोबाइल मुद्दाम पालथा घालून ठेवला होता.

का नाही ठेवणार? सात वर्षांपूर्वी हाच क्षितिज आईला घेऊन तिला बघायला आला होता. दोनदा पोहे हाणले, वर लिंबू मागून घेतलं. निघताना दारात त्याची आई चपला घालता घालता मध्यस्थ मावशींना म्हणाली, "मुलगी हुशार आहे, पण रंगानं डावी. आमच्या क्षितिजच्या जोडीला नको." पडद्यामागे ऋता कपांचा ट्रे घेऊन उभी होती. आणि हा? हा बुटाची नाडी बांधत होता. एक शब्द बोलेल तर शपथ! त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. त्यांचं ते न जेवणं ऋता अजून विसरली नव्हती.

आणि आज तोच क्षितिज खिदिरपूरच्या गोदीतली नोकरी सांभाळून, एस्प्लनेडहून मेट्रो पकडून, तिच्याच दारात आला होता. तिला ओळखलंसुद्धा नाही त्यानं. तिचा चष्मा नवा होता, केस आखूड होते, एवढंच. "कलकत्त्यात गेकोदी चक्क मराठी निघाली! कमाल आहे बुवा," म्हणाला. जखमेवर मीठ ते आणखी कसं चोळतात?

पठ्ठ्याकडे सायीच्या रंगाचा एक नर होता. आता त्याला तशीच मादी हवी होती. या हिवाळ्यात पांढरीशुभ्र पिल्लं दाखवतो म्हणून त्यानं गेको पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

दाखव की, ऋता मनात म्हणाली. दर महिन्याला दोन अंडी, आणि अंड्याअंड्यातून चिखल! पिल्लं वाढतील तसा रंग उघडा पडेल. तोवर वर्ष गेलेलं असेल. सगळा ग्रुप तुला हसेल, आणि तेव्हाही तू बुटाची नाडीच बांधत बस!

"मला यातलं फारसं कळत नाही," क्षितिज म्हणाला. "पण सगळे म्हणाले, गेकोदीनं दिलेला प्राणी बघावासुद्धा लागत नाही."

ऋताचा हात पालथ्या मोबाइलकडे गेला. मग तिला कपांचा ट्रे आठवला.

"जोडीला चालेल ना ही?"

"चालेल? धावेल!" ती म्हणाली.

त्याच्या मनात शंकेची पालसुद्धा चुकचुकली नाही. त्यानं डबा दोन्ही हातांत घेतला. ऋता पिशवी शोधायला वळली. झालं, फिटलं, असं तिला वाटलं. सात वर्षांनी छातीवरचा धोंडा उतरला.

"मादीच आहे ना, एकदा खालून बघून घेतो हं. व्हिडिओत सांगतात तसं," मागून त्याचा आवाज आला.

ऋता गर्रकन वळली. क्षितिजनं डबा डोक्यावर उचलून धरला होता आणि मान वर करून तो बुडाकडे बघत होता. तिचा हात पुढे झाला, पण उशीर झाला होता. पाच वर्षांत मराठी वाचणारं पहिलंच गिऱ्हाईक घरात आलं होतं, आणि ही गोष्ट तिच्या ध्यानातच आली नव्हती.

तो पहिलीतल्या पोरासारखा मोठ्यानं वाचत होता.

"रंगानं डावी. जोडीला नको."

त्यानं डबा हळूच खाली घेतला. तो चिडला नव्हता. नुसताच गोंधळून तिच्याकडे बघत होता.

"हे तर अगदी आमच्या आईचं बोलणं," तो म्हणाला. "शब्दन् शब्द. कितीतरी मुलींना म्हणाली ती असं. मला तेव्हाही ऐकवायचं नाही." त्यानं पुन्हा त्या चिठ्ठीकडे बघितलं. "कोणी लिहिलंय हो हे?"

धक्क्यानं डब्यातली मादी जागी झाली होती. तिचा रंग चढायला लागला होता.

"मी," ऋता म्हणाली.