पाहुण्यांची बाटली

बाटली उलटी धरली तरी तिच्यातून थेंब पडेना. वसुधाने ती हलवून पाहिली. आत पांढरा गोळा धरला होता. दारूचं असंच होत असेल, असं मनाशी म्हणत तिने सिंकमध्ये गरम पाणी भरलं आणि बाटली त्यात उभी केली.

एरवी तिने त्या बाटलीला हात लावला नसता. पण आज चार जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, आणि अनयाने आल्या आल्या फोनवरची रेसिपी तिच्यापुढे धरली होती. खाली स्ट्रॉबेरीचा लाल थर, मध्ये नारळाच्या दुधाचा पांढरा, आणि वर ब्लूबेरीच्या रसात व्होडका मिसळून निळा. चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडत गेलं की रंग आपापल्या जागी राहतात. एवढा धीर फक्त तुझ्याच हाताला आहे आई, असं अनया म्हणाली. लेक दोन वर्षांनी वेस्ट विंडसरच्या घरात आली होती. वसुधा नाही कशाला म्हणते?

दोन वर्षांपूर्वी अशाच चार जुलैला प्रतापराव नातीला आतषबाजी दाखवून घरी आणत होते. गाडी फुटपाथवर चढली आणि झाडावर आदळली. स्वानंदीला खरचटलंही नाही. पण आजोबांच्या तोंडाला कसला वास येत होता, हे त्या चार वर्षांच्या पोरीनेच आईला सांगितलं. अनया तिला घेऊन शिकागोला गेली ती पुन्हा फिरकली नाही.

त्या आठवड्यात प्रतापरावांनी दारू सोडली. वसुधाने गोड सोडलं आणि गुरुवार धरले. गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये एक बाटली तेवढी राहिली. सोडलीच आहे तर घाबरायचं कशाला, पाहुण्यांसाठी असू दे, असं प्रतापरावांचं म्हणणं. दर गुरुवारी नैवेद्यासाठी खोबरं काढायला गेली, की वसुधा त्या बाटलीकडे बघून घ्यायची. खांद्यापर्यंत भरलेली, तशीच्या तशी. महाराज, तुमची कृपा, म्हणून ती तिथेच, कपड्यांच्या मशीनशेजारी हात जोडायची. हे सगळं तिने लेकीला फोनवर महिनोन्महिने सांगितलं, तेव्हा कुठे अनया आज आली होती. सगळं ठीक वाटलं तर स्वानंदीला सहा आठवडे इथे ठेवायचं, असं तिने ठरवलं होतं.

अर्ध्या तासाने बाटली मोकळी झाली. वसुधाने मापाने व्होडका घातली आणि थर लावले. चव बघायचा प्रश्नच नव्हता. ती ट्रे घेऊन मागच्या डेकवर आली तेव्हा सगळ्यांनी आधी फोटो काढले. प्रतापराव ग्रिलवर कणसं भाजत होते. त्यांनी आपला लिंबूसरबताचा ग्लास लेकीला उंच करून दाखवला. अनया हसली.

पहिला घोट शेजारच्या नंदूभाऊजींनी घेतला. वहिनी, तुमच्या गुरुवारचं तीर्थ आणलंत की काय, असं त्यांनी विचारलं. यात व्होडका कुठे आहे?

"अहो, चांगली भरपूर घातलीय. बाटली गोठून दगड झाली होती. अर्धा तास गरम पाण्यात ठेवावी लागली."

नंदूभाऊजी हसायला लागले आणि हसता हसता थांबले. त्यांची नजर ग्रिलकडे गेली.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "व्होडका आपल्या फ्रीजरमध्ये गोठत नाही. पाणी गोठतं."

प्रतापरावांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. अनयाने ग्लास खाली ठेवला. वडिलांकडे एकदा पाहिलं, आणि स्वानंदीला हाक मारून शूज घालायला सांगितलं.

"मीच ओतून दिली ती," वसुधा म्हणाली. "पाणी भरून ठेवलं. समोर दिसली की मोह नको व्हायला. आज सगळ्यांपुढे कसं सांगायचं, म्हणून तेच घातलं."

आवाज नेहमीसारखाच मऊ होता. वसुधाकाकू खोटं बोलत नाहीत, हे इथल्या सगळ्या मंडळींना ठाऊक होतं. नंदूभाऊजींनी सुटकेचा श्वास टाकला.

प्रतापरावांनी बायकोकडे पाहिलं. मग ते लेकीकडे वळले.

"बघ अनया. दोन वर्षं एक थेंब घेतला नाही मी. आणि माझ्याच घरात माझ्यावर एवढा विश्वास."

अनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. आई, दिस इज सो अनफेअर, असं ती म्हणाली. बाबांना किती हर्ट झालं असेल, तू उपास करतेस आणि माणसावर विश्वास मात्र ठेवत नाहीस, असं बरंच काही ती बोलली. वसुधा ट्रेच्या कडा धरून ऐकत होती. अनयाने वडिलांना मिठी मारली, सॉरी बाबा म्हणाली. स्वानंदीला आता रोज स्विमिंगला तुम्हीच न्या, असंही म्हणाली.

रोज कशाला, आत्तापासूनच, प्रतापराव म्हणाले. कणसांना लिंबं कमी पडताहेत, आम्ही आजोबा-नात दुकानात जाऊन येतो. शूज घातलेली स्वानंदी उड्या मारत गाडीकडे धावली. अनयाने स्वतः तिची कार सीट आपल्या गाडीतून काढून त्यांच्या गाडीत बसवली.

किल्ली घ्यायला प्रतापराव वसुधाच्या अगदी जवळून गेले. "बरं सांभाळलंस," ते तिच्या कानाशी पुटपुटले. लिंबाच्या वासाखालून दुसरा वास आला. चाळीस वर्षं ओळखीचा.

डेकच्या बाजूलाच उभ्या गाडीचं दार लागलं. आत स्वानंदी आपला बेल्ट आपणच लावत होती.

वसुधाने ट्रे खाली ठेवला.

"अनया, पोरीला उतरव," ती म्हणाली. "ती बाटली मी ओतली नाही."